माहिती पाठविणे आणि उत्तर वाचणे : वेब-सेवेशी होणाऱ्या व्यवहाराचा एक पाठ

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. विषयाचे प्रयोजन

शिक्षकबंधु-भगिनींनो, हजेरीपटावर नोंद करणे आणि ती नोंद वरिष्ठ कार्यालयास कळविणे ही आपली जुनीच कामे होत. पूर्वी ही माहिती विहित नमुन्याच्या कागदावर भरून केंद्रप्रमुखांच्या हाती दिली जाई. आता तिचा बराच भाग संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या द्वारे जातो. महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही प्रणाली सुरू झाली. देशपातळीवरील 'यूडायस प्लस' मध्ये २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. पोषण आहाराची रोजची उपस्थितीही याच मार्गाने कळविली जाते.

या सर्व व्यवहारांत आपण पडद्यावरची कळ दाबतो आणि वाट पाहतो. कळ दाबल्यानंतर आत काय घडते, हे मात्र बहुतेकांना अज्ञात असते. अज्ञानामुळे दोन प्रकारची हानी होते. काही जण उत्तर न वाचताच काम झाले असे मानतात. काही जण उत्तर येत नाही म्हणून तीच कळ पुनःपुन्हा दाबतात. पहिल्या चुकीने नोंद राहून जाते, दुसरीने ती दोनदा होते.

ही हानी केवळ कागदोपत्री नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत बालके असतील तर दोन शिक्षक आणि ६१ ते ९० बालके असतील तर तीन शिक्षक असावेत, असे प्रमाण आहे. ६१ पटाच्या शाळेतील एकाच बालकाची नोंद पोचली नाही, तर त्या प्रमाणाने एक शिक्षक कमी ठरतो. तसेच प्राथमिक वर्गातील प्रत्येक बालकास दररोज १०० ग्रॅम धान्य, हे पोषण आहाराचे प्रमाण आहे. ५४ मुलांची हजेरी एकदा नोंदली तर ५ किलो ४०० ग्रॅम धान्याचा हिशेब लागतो. तीच चुकून दोनदा नोंदली गेली तर १० किलो ८०० ग्रॅमचा लागतो, आणि कोठीतील धान्य व नोंदवहीतील धान्य यांचा मेळ बसत नाही. म्हणून हा विषय प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावा, असे वाटते.

२. वेब-सेवा म्हणजे काय ?

दूर कोठेतरी असलेला एक संगणक ठराविक पत्त्यावर, ठराविक पद्धतीने आलेली मागणी स्वीकारतो आणि तिचे उत्तर देतो. या व्यवस्थेस वेब-सेवा असे म्हणावे. आपला संगणक मागणी करणारा आणि तो संगणक सेवा देणारा. दोघांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमांस 'एचटीटीपी' म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील 'सर्न' या संशोधनसंस्थेत काम करीत असता ते प्रथम सिद्ध केले. १९९१ च्या त्यांच्या पहिल्या रूपात केवळ मागण्याचीच सोय होती. माहिती पाठविण्याची रीत आणि उत्तरासोबत येणारे संकेतांक १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीत नमूद झाले.

जुन्या नोंदणी टपालाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पाकिटावर पत्ता असे, आत मजकूर असे, आणि पत्र पोचल्यावर सहीची पोचपावती परत येई. वेब-सेवेच्या मागणीचेही असेच भाग असतात :

(अ) रीत. काय करावयाचे आहे, हे सांगणारा शब्द. 'गेट' म्हणजे मागणे, 'पोस्ट' म्हणजे नवी माहिती देणे, 'पुट' म्हणजे ठराविक जागी ठराविक माहिती ठेवणे.

(आ) पत्ता. माहिती कोठे जावयाची ते.

(इ) शीर्षके. पाकिटावरील सूचनांसारख्या ओळी : आतील मजकूर कोणत्या स्वरूपाचा आहे, किती लांबीचा आहे, पाठविणाऱ्याचे ओळखपत्र कोणते, इत्यादी.

(ई) मजकूर. खरी माहिती.

उत्तराचेही तसेच. प्रथम तीन अंकी संकेतांक, नंतर शीर्षके, नंतर मजकूर.

'गेट' आणि 'पोस्ट' यांतील एक भेद विशेष ध्यानी ठेवावा. 'गेट' मध्ये आपण लिहिलेली माहिती बहुधा पत्त्यातच जोडली जाते, आणि पत्ते हे वाटेतील संगणकांच्या व सेवेच्या नोंदवह्यांत उरतात. म्हणून मुलांची नावे, जन्मतारखा किंवा आधार क्रमांक कधीही 'गेट' ने पाठवू नयेत. परंतु 'पोस्ट' केले म्हणजे माहिती गुप्त झाली, असेही नाही. गुप्तता येते ती 'एचटीटीपीएस' मुळे. पत्त्याच्या आरंभी 'एस' हे शेवटचे अक्षर आहे की नाही, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

३. मजकुराची मांडणी

माहिती पाठविण्यासाठी आज 'जेसन' ही मांडणी सर्वत्र रूढ आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास तिचा पुरस्कार केला. तिची रचना अगदी सोपी आहे : महिरपी कंसात जोड्या, प्रत्येक जोडीत डावीकडे नाव आणि उजवीकडे मूल्य.

समजा, आर्णी पंचायत समितीच्या हद्दीतील एका शाळेला दिवसाची उपस्थिती कळवावयाची आहे. पाठासाठी आपण एक काल्पनिक हजेरी-सेवा कल्पू. तिला जावयाचा मजकूर असा असेल :

{
"नोंद-क्रमांक": "आर्णी-२०२५-०७-१५-१",
"गाव": "आर्णी",
"दिनांक": "२०२५-०७-१५",
"पट": ६१,
"हजर": ५४,
"शेरा": ""
}

या मजकुरात पाच गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली : शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागतात, संख्या मात्र अवतरणाविना. येथे छपाईच्या सोयीसाठी संख्या देवनागरी अंकांत दिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर अवतरणाविना येणारी संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच टंकावी लागते. देवनागरी अंक तेथे दिल्यास सेवा संपूर्ण मजकूर अग्राह्य ठरविते. अवतरणांत, म्हणजे शब्द म्हणून, देवनागरी अंक चालतात. परंतु मग त्यांची बेरीज आपोआप होत नाही.

दुसरी : जे मोजावयाचे नाही ते दिसावयास अंक असले तरी संख्या नव्हे. शाळेचा यूडायस संकेतांक ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातील शाळांचा आरंभ २७ ने होतो. परंतु हिमाचल प्रदेशाचा आरंभ ०२ ने होतो. असा संकेतांक संख्या म्हणून लिहिला तर आरंभीचे शून्य गळते. म्हणून संकेतांक, पिनकोड, दूरध्वनी क्रमांक हे सर्व अवतरणांत, शब्द म्हणून लिहावेत. कसोटी एकच : 'याची बेरीज करण्यात काही अर्थ आहे काय ?' नसेल तर तो शब्द.

तिसरी : दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिला आहे. ०५-०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हा घोळ त्यामुळे उद्भवत नाही.

चौथी : शून्य, निरंक आणि अनुल्लेख या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "हजर": ० याचा अर्थ एकही मूल आले नाही. "हजर" पुढे 'नल' हा शब्द असेल तर त्याचा अर्थ माहिती निरंक, म्हणजे मूल्य उपलब्ध नाही. आणि "हजर" ही जोडीच नसेल तर ती लिहावयाची राहिली आहे. सुटीच्या दिवशी शून्य पाठविले तर महिन्याची सरासरी उपस्थिती विनाकारण घसरते.

पाचवी : मराठी अक्षरांची लांबी. संगणकात देवनागरी चिन्हे 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवितात आणि त्यांतील प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. 'आर्णी' हा शब्द आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा. संगणकाच्या दृष्टीने मात्र आ, र, हलंत, ण आणि दीर्घ ईकाराची वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मजकुराची लांबी सांगणाऱ्या शीर्षकात बाइट मोजले जातात, अक्षरे नव्हेत. कित्येकदा मराठी शब्दाच्या जागी तिरप्या रेघा आणि अंक यांची माळ दिसते. तेव्हा मजकूर बिघडला असे समजून घाबरू नये. तो त्याच चिन्हांचा सांकेतिक लेख असू शकतो आणि वाचणारा कार्यक्रम त्याचे पुन्हा मराठी करतो.

४. उत्तराचे वाचन

माहिती पाठविणे हा अर्धाच व्यवहार होय. उत्तर वाचल्याविना तो पूर्ण होत नाही. उत्तर तीन पायऱ्यांनी वाचावे.

पहिली पायरी : संकेतांक. पहिला अंक पाहिला की प्रकार कळतो.

२ ने आरंभ : मागणी पूर्ण झाली. २०० म्हणजे ठीक. २०१ म्हणजे नवी नोंद निर्माण झाली.

३ ने आरंभ : बहुधा, दुसऱ्या पत्त्याकडे जा.

४ ने आरंभ : मागणीतच दोष आहे. ४०० म्हणजे मजकूर चुकीचा, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे अधिकार नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही, ४२९ म्हणजे फार वेळा मागणी केली, जरा थांबा.

५ ने आरंभ : दोष सेवेच्या बाजूस आहे. ५०० म्हणजे आतील बिघाड, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही, ५०४ म्हणजे मधल्या संगणकाला वेळेत उत्तर मिळाले नाही.

चार आणि पाच यांतील भेद व्यवहारात मोलाचा आहे. चारच्या गटात तोच मजकूर पुन्हा पाठविणे व्यर्थ होय. प्रथम दुरुस्ती करावी. ४२९ हा याला अपवाद, तेथे केवळ थांबावे. पाचच्या गटात मजकूर न बदलता काही वेळाने पुन्हा पाठवावा. सेवा बंद असताना शिक्षकाने आपलाच मजकूर पुनःपुन्हा बदलीत बसणे, म्हणजे टपालकचेरीला सुटी असताना पाकिटावरचा पत्ता खोडून पुन्हा लिहिण्यासारखे आहे.

दुसरी पायरी : मजकुराचे स्वरूप. आपण जेसनची अपेक्षा करीत असता कधी कधी प्रवेशाचे किंवा 'देखभाल चालू आहे' असे सांगणारे पान उत्तरादाखल येते, आणि त्याचाही संकेतांक २०० असू शकतो. म्हणून मजकूर उघडण्यापूर्वी स्वरूप सांगणारे शीर्षक पाहावे.

तिसरी पायरी : मजकुरातील अर्थ. काही सेवा २०० पाठवितात आणि आत मात्र 'दिनांक अमान्य' असे लिहितात. पाकीट पोचले, परंतु अर्ज नामंजूर झाला, असा त्याचा अर्थ. सेवेने कोणती संख्या नोंदली हे परत कळविले असेल, तर ती आपल्या हजेरीपटाशी ताडून पाहावी. आपण ५४ पाठविले आणि उत्तरात ४५ आले, तर व्यवहार अद्याप पूर्ण झालेला नाही.

५. उत्तर आलेच नाही तर ?

या पाठातील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. आपण माहिती पाठविली, आणि पडद्यावरील चक्र फिरत राहिले. या स्थितीचे दोन अर्थ संभवतात. एक, आपली मागणी सेवेपर्यंत पोचलीच नाही. दुसरा, मागणी पोचली, नोंदही झाली, परंतु परत येणारे उत्तर वाटेत हरवले. पाठविणाऱ्याला या दोहोंतील फरक आपल्या जागेवरून कळू शकत नाही. म्हणून 'उत्तर नाही' याचा अर्थ 'नोंद नाही' असा करू नये. त्याचा अर्थ 'अनिश्चित' एवढाच करावा.

भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविणाऱ्यांना हा अनुभव परिचित असेल. पैसे खात्यातून गेले, परंतु 'यशस्वी' असा संदेश आला नाही, तर सुज्ञ मनुष्य लगेच पुन्हा पैसे पाठवीत नाही. तो व्यवहाराचा क्रमांक पाहून स्थिती विचारतो.

काही कामे अशी असतात की ती कितीही वेळा केली तरी परिणाम एकदाच होतो. 'वर्गाचे दार लाव' असे तीनदा सांगितले तरी दार एकदाच लागते. 'पेटीतून एक खडू आण' असे तीनदा सांगितले तर तीन खडू येतात. एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे 'गेट' आणि 'पुट' ही दार लावण्याच्या जातीची कामे आहेत, तर 'पोस्ट' हे खडू आणण्याच्या जातीचे मानावयाचे.

मग 'पोस्ट' निर्धास्तपणे पुन्हा कसे पाठवावे ? उपाय आपल्या मजकुराच्या पहिल्याच ओळीत आहे : नोंद-क्रमांक. पाठविणाऱ्याने प्रत्येक नोंदीला पाठविण्यापूर्वीच एक वेगळा क्रमांक द्यावा. सेवेने तो क्रमांक जपून ठेवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता, 'ही नोंद आधीच झाली आहे' असे कळवावे. आवक नोंदवहीत एकाच पत्राला दोनदा आवक क्रमांक पडू नये म्हणून लिपिक जी दक्षता घेतो, तीच ही होय. मात्र यात एक पथ्य आहे : पुन्हा पाठविताना क्रमांक तोच ठेवावा. दर वेळी नवा क्रमांक दिला तर सर्व योजना फुकट जाते.

६. कामाचा क्रमलेख

आतापर्यंतचे विवेचन संगणकास सांगावयाच्या आज्ञांच्या रूपाने पुढे दिले आहे. 'पायथॉन' सारख्या भाषेत या आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. विचाराचा क्रम मात्र हाच राहतो.

(१) पत्ता = हजेरी-सेवेचा पत्ता.
(२) माहिती = वरील सहा जोड्या, नोंद-क्रमांकासह.
(३) प्रयत्न = १. विराम = ३० सेकंद.
(४) उत्तर = 'पोस्ट' करा (पत्ता, माहिती, कमाल प्रतीक्षा १० सेकंद).
(५) १० सेकंदांत उत्तर आले नाही, किंवा संकेतांक ४२९ अथवा ५०० ते ५९९ असेल : प्रयत्न ४ झाले असल्यास 'अनिश्चित' अशी नोंद करून थांबा. अन्यथा विरामाइतके थांबा, विराम दुप्पट करा, प्रयत्नात १ मिळवा, माहिती न बदलता (४) कडे जा.
(६) संकेतांक ४०० ते ४९९ पैकी दुसरा कोणताही असेल : उत्तरातील कारण दाखवा आणि थांबा.
(७) संकेतांक २०० किंवा २०१ असेल : स्वरूप जेसन आहे काय पाहा, मजकूर उघडा, उत्तरातील 'हजर' आणि पाठविलेले 'हजर' सारखे असल्यास 'नोंदले' असे लिहा, नसल्यास तफावत दाखवा.
(८) याव्यतिरिक्त काहीही आले : आलेला संकेतांक दाखवा आणि थांबा.

कमाल प्रतीक्षा लिहिणे अगत्याचे आहे. पायथॉनमध्ये या कामी सर्रास वापरले जाणारे 'रिक्वेस्ट्स' हे साधन मर्यादा सांगितल्याखेरीज आपण होऊन थांबत नाही, आणि कार्यक्रम अडकून पडतो. विराम ३०, ६०, १२० सेकंद असा वाढविण्याचेही कारण आहे. मधल्या सुटीनंतर तालुक्यातील सर्व शाळा एकाच वेळी माहिती पाठवू लागल्या आणि सेवा थकली, तर सर्वांनी क्षणोक्षणी पुन्हा ठोठावल्याने ती अधिकच थकते. थोडे थांबून, प्रत्येक वेळी अधिक थांबून प्रयत्न केल्याने सर्वांचेच काम लवकर होते.

७. वर्गात घेण्याचा पाठ

संगणक नसलेल्या शाळेतही हा विषय इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना शिकविता येतो. चार मुले निवडावीत : एक 'शाळा', एक 'निरोप्या', एक 'सेवा' आणि एक 'नोंदवही' (फळ्यावर लिहिणारा).

पहिला डाव : 'शाळा' चिठ्ठीवर 'हजर ५४' असे लिहून देते. निरोप्या ती नेतो, नोंदवहीत ५४ लिहिले जाते, आणि 'नोंदले' अशी चिठ्ठी परत येते.

दुसरा डाव : शिक्षकांनी निरोप्यास हळूच सांगावे की, परतीची चिठ्ठी वाटेत खिशात ठेव. 'शाळा' वाट पाहून पुन्हा चिठ्ठी पाठवील. फळ्यावर ५४ दोनदा लिहिले जाईल. मुलांना विचारावे : 'धान्य किती लागले असे दिसेल ? खरे किती लागले ? चूक कोणाची ?' मुले प्रथम निरोप्यास दोष देतील. निरोप्या कधी तरी चुकणारच, हे मान्य करून उपाय शोधण्यास त्यांना प्रवृत्त करावे.

तिसरा डाव : चिठ्ठीवर क्रमांक घालावा आणि हरविण्याचा प्रसंग पुन्हा आणावा. 'सेवा' फळ्यावरील क्रमांक पाहून 'ही नोंद आहेच' असे उत्तर देईल.

या खेळातून मुलांना बेरीज, गुणाकार, सूचनांचे पालन आणि कारणमीमांसा यांचा एकत्र अभ्यास घडतो. क्रमांकाचा उपाय शक्यतो मुलांकडूनच वदवून घ्यावा.

८. दक्षता

मुलांची माहिती ही विश्वासाने आपल्याकडे आलेली ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून त्यांच्या माहितीच्या वापरास पालकांच्या संमतीचा सामान्य नियम घातला आहे. म्हणून सरावासाठी खऱ्या मुलांची नावे किंवा आधार क्रमांक वापरू नयेत. कल्पित माहिती घ्यावी. शाळेचा प्रवेशशब्द दुसऱ्यास देऊ नये, आणि क्रमलेखात उघडा लिहून तो इतरांकडे पाठवू नये. ज्या पत्त्याची अधिकृतता परिपत्रकाने कळविलेली नाही, त्या पत्त्यावर काहीही पाठवू नये.

कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच एका शाळेतून दुसरीत जातात. अशा मुलाची नोंद जुन्या शाळेतून मुक्त होणे आणि नव्या शाळेत घेतली जाणे हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. दोहोंची उत्तरे वाचल्याखेरीज काम संपले असे मानू नये. एकाचेच उत्तर वाचले तर ते मूल दोन्ही पटांवर राहते, किंवा एकाही पटावर राहत नाही. कागदावर नसलेल्या मुलाला पुस्तक, आहार आणि शिक्षक यांचा वाटा मिळविणे कठीण जाते.

९. स्वाध्याय

(१) 'नल', शून्य आणि अनुल्लेख यांचे आपल्या शाळेतील प्रत्येकी एक उदाहरण लिहा.
(२) पुढीलपैकी संख्या कोणत्या व शब्द कोणते ते सांगा : पिनकोड, पट, इयत्तेतील मुलींची संख्या, यूडायस संकेतांक, धान्याचे वजन.
(३) 'जवळा' या गावाच्या नावातील चिन्हे मोजा आणि त्यास किती बाइट लागतील ते काढा. (उत्तर : ४ चिन्हे, १२ बाइट.)
(४) ४०१, ५०३ आणि 'उत्तर नाही' या तीन प्रसंगी आपण काय कराल, ते प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
(५) वरील तिसऱ्या डावात 'शाळे'ने दुसऱ्या खेपेस नवा क्रमांक घातला तर काय होईल ? वर्गात करून पाहा आणि निष्कर्ष केंद्रसंमेलनात मांडा.